रोटरी पॉलिशर : किती वेगावर काय?

कंपाउंड पसरवताना : ६०० ते ९०० आरपीएम. पॅड आधी पत्र्यावर टेकवा, मगच बटण दाबा. नाहीतर शिंतोडे काचेपर्यंत उडतात.

ओरखडे काढताना : लोकरी किंवा कडक फोम पॉलिशिंग पॅडने १,२०० ते १,८००. मशीन एका जागी थांबवू नका.

शेवटची चमक : मऊ फोम, १,००० ते १,२००, हात हलका. गोल जाळीसारखे डाग राहिले, तर बारीक पॉलिश घ्या. वेग वाढवून ते जात नाहीत.

जपून : क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो आणि कडांवर त्याहून पातळ. कडांना टेप लावा. प्लास्टिकच्या बंपरमध्ये उष्णता साठून राहते, तिथे वेग कमीच ठेवा. रंग हाताला चटका देऊ लागला की थांबा.