सर्व स्थितीत उपकारस्तुती

संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस आनंद, अखंड प्रार्थना आणि उपकारस्तुती या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. त्यांतील तिसरी सर्वांत अवघड. दुःखाबद्दल देवाचे आभार माना, असे पौल म्हणत नाही. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असे म्हणतो. हा भेद ठाऊक नसला, तर शोकाकुल घरी सांत्वनाचे शब्दच निष्ठुर ठरतात.

मराठी ख्रिस्ती जीवनात याचे ठळक उदाहरण नारायण वामन टिळकांच्या संसारात सापडते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीतील एका सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्यास सुचविले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त या ताटातुटीची हकीकत आहे. तीत अश्रू आहेत, रुसवे आहेत आणि मनमोकळे हसूही आहे. पौलाचा आनंद म्हणजे सुखवस्तूपणा नव्हे, हे त्या पुस्तकाइतके प्रवचनांतून क्वचितच उमगते.

आणि अखंड प्रार्थना? काम टाकून डोळे मिटून बसणे हा तिचा अर्थ असता, तर गृहिणीला ती साधलीच नसती. भाषांतरित गीते व परक्या चाली मराठी माणसाच्या ओठी बसेनात, हे जाणून टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन उपासनेत आणले. अंगवळणी पडलेला अभंग हात कामात असतानाही चालू राहतो. वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.