लोहित फॉन्टचे पॅकेज आणि त्याचा परवाना

देवनागरी फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा नुसता संच नव्हे. जोडाक्षर कसे दिसावे, 'दऱ्या'मधला र कसा बसावा, मराठी वळणाचे ल आणि श कधी वापरावेत, याचे नियमही त्याच फाइलीत असतात. हार्फबझसारखी लायब्ररी ते वाचते आणि कोणती आकृती कुठे बसवायची ते ठरवते. त्यामुळे फॉन्टचे वितरण आणि ओपन सोर्स लायब्ररीचे वितरण यांत फारसा फरक उरत नाही. महाराष्ट्रातले त्याचे चांगले उदाहरण म्हणजे 'लोहित'. रेड हॅट कंपनीच्या या फॉन्टमालिकेवर पुण्यातल्या अभियंत्यांनी बरेच काम केले. डेबियन, फेडोरा या लिनक्स प्रणालींमध्ये तिची तयार पॅकेजे असल्याने केजमधल्या एखाद्या शाळेला संगणकावर मराठीसाठी वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही.

पॅकेज बांधण्याचे काम अनेकदा मूळ लेखकापेक्षा वेगळीच व्यक्ती करते. तिला फक्त तयार फॉन्ट पुरत नाही. आकृत्या दुरुस्त करता येतील अशी मूळ फाइल, बांधणीच्या सूचना, आवृत्ती क्रमांक आणि परवान्याचा पूर्ण मजकूर लागतो. डेबियनच्या पॅकेजमध्ये 'कंट्रोल' फाइलीत नाव, वर्णन आणि इतर कोणत्या पॅकेजांची गरज आहे ते असते, 'रूल्स'मध्ये बांधणीची रीत, 'चेंजलॉग'मध्ये बदल. 'कॉपीराइट' ही फाइल मात्र सर्वांत किचकट. कोणता भाग कुणाच्या मालकीचा आणि कोणत्या अटींवर दिलेला, हे तिच्यात लिहावे लागते. ते स्पष्ट नसेल तर नवे पॅकेज संग्रहात घेतले जात नाही. ही काटेकोर तपासणी नवख्यांना जाचक वाटते, पण कारण कायद्यातच आहे.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कोड सर्वांना वाचायला खुला ठेवला म्हणजे तो वापरायला दिला, असे होत नाही. कलम 30 नुसार परवाना लेखी लागतो. नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसेल तर, कलम 17 प्रमाणे मालकाकडे जाते. शिवाय कलम 30अ मुळे कलम 19 परवान्यांनाही लागू होते : मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे धरले जाते. अपाचे 2.0 परवान्यात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द स्पष्ट आहेत. आटोपशीर एमआयटी परवान्यात नाहीत. भारतीय लेखकाने निवड करताना हा फरक लक्षात घ्यावा, एवढा तो नक्कीच महत्त्वाचा आहे.

लोहित आधी जीपीएल परवान्याखाली होता. जीपीएलमध्ये बदललेली प्रत वाटणाऱ्याने तिचा स्रोतही त्याच अटींवर द्यायचा असतो. प्रोग्रामसाठी हे ठीक. पण पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो, मग ती पीडीएफही जीपीएलखाली येते का? ही शंका मिटवण्यासाठी जीपीएलला खास अपवाद जोडावा लागतो. 2011 मध्ये लोहित एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली आणला गेला. ओएफएल ही शंका ठेवतच नाही : फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याची अट लागू होत नाही. फॉन्ट एकटा विकता येत नाही, पण सॉफ्टवेअरसोबत विकता येतो. बदललेला फॉन्ट ओएफएलखालीच राहतो, आणि मूळ लेखकाने नाव राखून ठेवले असल्यास नव्याला दुसरे नाव द्यावे लागते.

परवान्याचा असा बदल मनात आला म्हणून करता येत नाही. प्रत्येक हक्कधारकाची संमती लागते, आणि बाहेरून मदत करणारे वाढत गेले की ती मिळवणे अवघड होत जाते. म्हणून परवाना पहिल्या आवृत्तीआधीच ठरवलेला बरा. आधी जीपीएलखाली घेतलेल्या प्रतींचे हक्कही परत काढून घेता येत नाहीत.

ठरवलेला परवाना फॉन्टच्या फाइलीतही नोंदवता येतो. ओपनटाइप प्रकारच्या फॉन्टच्या 'नेम' तक्त्यात परवान्याचे वर्णन 13 व्या आणि त्याचा इंटरनेट पत्ता 14 व्या क्रमांकाच्या नोंदीत भरता येतो. कुणी फॉन्टची एकच फाइल पेन ड्राइव्हवर उचलून नेली, तरी अटी तिच्याबरोबर जातात.