६५ वरून ६०

पुण्यातल्या एका रुग्णालयातली हृदयाच्या एकोची खोली. दिवे मंद, एसी कडक. काका डाव्या कुशीवर झोपलेत. शर्ट वर सरकल्यावर बरगड्यांखालचा लांब वण दिसतो. गेल्या वर्षी यकृताचा उजवा भाग त्यांना मुलीनंच दिला. ती फाइल घेऊन माझ्या शेजारी उभी आहे.

डॉक्टर मॅडम जेल लावून प्रोब टेकवतात. पडद्यावर झडपांची उघडझाप सुरू होते.

"इजेक्शन फ्रॅक्शन ६०." म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के दर ठोक्याला बाहेर पडतं, तो आकडा.

मुलगी फाइल चाळते. "ऑपरेशनआधी ६५ होतं. म्हणजे कमी झालं?"

प्रश्न रास्त आहे. मॅडम प्रोब न उचलताच समजावतात. यकृताच्या सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. काकांचा तेव्हा ९६/६० असायचा. एवढ्या सैल वाहिन्यांत रक्त ढकलायला जोर लागत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो. आतली कमजोरी झाकलेली राहते. तिची परीक्षा ऑपरेशन टेबलावर होते. क्लॅम्प सुटतात आणि नव्या यकृतातलं थंड, पोटॅशियम वाढलेलं रक्त थेट हृदयाकडे धावतं. त्या मिनिटांत रुग्णाला सांभाळतो भूलतज्ज्ञ.

आता डॉपलर. घुसघुस आवाजाबरोबर पडद्यावर दोन-दोन शिखरं उमटतात. खालचा कप्पा सैलावताना रक्त आपसूक आत येतं ते पहिलं. वरचा कप्पा आकसून उरलेलं ढकलतो ते दुसरं. मागच्या वेळी दुसरं उंच होतं, आज पहिलं आहे. हृदय नीट सैलावू लागलंय. मॅडम प्रथमच हसतात.

काका उठून बसतात. थोड्या वेळानं रक्तदाब: १५२/९४. हसू मावळतं.

"टॅक्रोलिमस," त्या म्हणतात. शरीरानं यकृत नाकारू नये म्हणून रोज घ्यायची ही गोळी वाहिन्या आवळते, साखरही वाढवते. त्यात भूक परतल्यापासून काकांचं वजन ११ किलोनं वाढलंय. यकृत उत्तम चालत असतानाही माणसं हृदयविकारानं दगावतात, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. ॲम्लोडिपिन लिहून देतात. "बीपीची दुसरी गोळी कुणी दिली तर आधी मला विचारा. काहींनी टॅक्रोलिमसची पातळी चढते. आणि पापड-लोणचं बंद."

"पोटात पाणी होतं तेव्हाही अळणीच खाल्लं," काका कुरकुरतात. "मग लिव्हर बदलून काय मिळालं?"

कुणीच उत्तर देत नाही, तसे ते तडजोडीवर येतात. "रविवारी एक पापड?"

"आधी वजन उतरवा," मुलगी म्हणते, आणि रिपोर्ट फाइलला लावते.