दाबली तर बारीक, सोडली तर मोकळी

बडोद्याची विश्वामित्री म्हटली की मगरी आठवतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या आणि देशभर बातमी झाली. पण पूर चार दिवसांचा. एरवी, विशेषतः उन्हाळ्यात, पावागढाकडून येणाऱ्या या नदीत बरंचसं शहराचंच वापरलेलं पाणी वाहतं. काही शुद्ध करून सोडलेलं, काही तसंच. मगरी आणि कासवं त्यातच राहतात. तेव्हा ‘शुद्ध केलेलं’ म्हणजे किती शुद्ध, हा प्रश्न तिथे पुस्तकी नाही.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात घाण जिवाणूंना खाऊ घालतात. पोसलेल्या जिवाणूंचे पुंजके टाकीच्या तळाशी बसतात आणि वरचं पाणी पुढे जातं. सगळे पुंजके मात्र बसत नाहीत. बारीक बारीक तरंगत राहतात, आणि रोगजंतू त्यांच्या आड लपले की क्लोरीन किंवा अतिनील किरण नीट पोचत नाहीत. म्हणून हे पाणी पुन्हा वापरायचं असेल तर आधी गाळायला हवं.

गाळायचं कशातून? सवयीने उत्तर येतं, वाळूतून. वाळूच्या थरात साधारण ४० टक्के पोकळी असते, आणि ती निसर्गाने दिली तेवढीच. पुंजके वाढले की वरचे काही सेंटिमीटर चोंदतात, खालची वाळू नुसती बसून राहते.

‘फझी फिल्टर’मध्ये वाळूऐवजी कृत्रिम धाग्यांचे मऊ गोळे असतात, सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाचे. दोन भोकं असलेल्या पत्र्यांमध्ये ते कोंडलेले असतात आणि वरचा पत्रा खाली सरकवता येतो. पाणी खालून वर चढतं, तेही गोळ्यांच्या आतून. धुवायची वेळ आली की पत्रा वर उचलायचा, खालून हवा सोडायची. गोळे मोकळे होऊन एकमेकांवर घासतात, मळ सुटतो. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात जॉर्ज चोबानोग्लस आणि ओंदेर चालिशकानेर यांनी या गाळणीचं गणित मांडलं.

गणित कशाला? तर किती दाबायचं, हे कळायला. १९३७ साली जपानच्या इवासाकी यांनी एक साधी गोष्ट सांगितली होती: थराचा प्रत्येक तुकडा आपल्यापर्यंत आलेल्या कणांचा ठरावीक हिस्सा पकडतो. वीतभर थर निम्मे पकडत असेल, तर १६ कणांचे ८, मग ४, मग २. गोळे दाबले की हा हिस्सा वाढतो. समजा, पाऊण झाला: १६ चे ४, मग १. मग कमाल दाबून टाकू की! इथेच पाणी अडतं, अगदी शब्दशः.

करून बघा. १०० भाग जागेत १० भाग धागा, ९० पोकळी. थर ३० टक्के दाबला, तर ७० भागांत तेच १०. पोकळी ९० वरून जेमतेम ८६ टक्क्यांवर आली, म्हणजे फारसं काही झालं नाही असं वाटतं ना? पण कोझेनी-कारमन सूत्रात घातलं तर पाण्याला होणारा अडथळा, थर उंचीने कमी होऊनही, दीडपटीहून जास्त भरतो. ४० टक्के दाबला तर दुपटीहून थोडा वर. हे सूत्र मूळचं वाळूसारख्या दाट थरांसाठीचं, म्हणून इथे अंदाजापुरतंच घ्यावं. शिवाय अडकलेले कण स्वतःच पोकळी भरत जातात, त्यामुळे अडथळा तासागणिक वाढतो. पंपाचं वीजबिल आणि धुण्याची वारंवारता यावरच ठरते.

मला या गणितात आवडतं ते हे, की वाळूच्या बाबतीत जो आकडा मुकाट स्वीकारावा लागतो तो इथे हाताने फिरवता येतो. मात्र इवासाकींचा तो ‘हिस्सा’ कॅलिफोर्नियातून उचलून बडोद्यात लावता येणार नाही. पुंजक्यांचा आकार आणि चिकटपणा केंद्रागणिक बदलतो, ऋतूप्रमाणेही. मोठी गाळणी मागवण्याआधी अटलादऱ्याच्या केंद्रात एक उभा पाइप लावावा: आत गोळे, वर-खाली दाबमापक, वेगवेगळ्या उंचीवर नमुने घ्यायला तोट्या. नमुने मे महिन्यातले वेगळे, पहिल्या पावसानंतरचे वेगळे.