मेंदूचा दाह आणि अपस्मार

अपस्मार म्हणजे मेंदूतील विद्युत्-संदेशांचा क्षणिक गोंधळ, ही व्याख्या आपण विद्यार्थिदशेत पाठ केली. ती चुकीची नाही. परंतु हा गोंधळ मुळात का उद्भवतो, हे ती सांगत नाही. गेल्या काही दशकांतील संशोधनाने त्याचे एक महत्त्वाचे कारण पुढे आणले आहे: मेंदूचा दाह.

मेंदूत चेतापेशींच्या जोडीला त्यांची निगा राखणाऱ्या आधारपेशीही असतात. जंतुसंसर्ग, मार किंवा दीर्घकाळ चाललेली आकडी यांमुळे या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटासारखी दाहकारक द्रव्ये सोडतात. त्यामुळे चेतापेशी अधिक उत्तेजनशील होतात, तसेच रक्त आणि मेंदू यांमधील संरक्षक पडदा सच्छिद्र होतो. दाहाने आकडी येते आणि आकडीने दाह वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे. मिलान येथील मारिओ नेग्री संस्थेतील अ‍ॅनामारिया वेझानी यांच्या प्रयोगांनी या विचाराला भक्कम पाया दिला.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आपल्या समाजाला हा विषय परका नाही. नागपूर भागातील चांदीपुरा या गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ साली सापडला. वालुकामाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूशी निगडित मेंदूज्वराने २००३ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ बालके आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. ताप, उलट्या, आकडी आणि बेशुद्धी हा क्रम अनेकदा एक-दोन दिवसांतच पूर्ण होई. कोणत्याही मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलालाही पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी अपस्मार जडू शकतो. म्हणूनच घरी पाठवलेल्या मुलाची पुढील तपासणी हा उपचाराचाच भाग होय.

दाहाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फीतकृमीच्या अळीने मेंदूत होणारी गाठ. अळी जिवंत असेतो शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवते आणि रुग्णाला सहसा त्रास नसतो. ती मरू लागली की भोवती दाह पेटतो आणि चालत्या-बोलत्या मुलाला अकस्मात आकडी येते. सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या अशा एकुलत्या लहान गाठीवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदांतम राजशेखर यांनी मोलाचे कार्य केले. क्षयाच्या गाठीपासून ती वेगळी ओळखणे अत्यावश्यक आहे. अल्बेंडाझोल देताना स्टिरॉइड जोडतात, ते मरणाऱ्या अळीभोवतीचा दाह आवरण्यासाठीच. डोळ्यात अळी नाही याची खात्री आधी करावी.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला हा रोग कसा?’ असे पालक विचारतात. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात फीतकृमी होतो. मेंदूतील गाठ मात्र माणसाच्या विष्ठेतील अंडी दूषित पाणी, कच्ची भाजी वा अस्वच्छ हात यांतून पोटात गेल्याने होते. शौचालय आणि साबण हीदेखील अपस्माराची प्रतिबंधक औषधेच आहेत.

काही मुलांत शरीराची प्रतिपिंडेच मेंदूवर उलटतात. वागण्यात अचानक बदल, असंबद्ध बडबड, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली आणि आकड्या दिसल्या की घरचे भगताकडे धावतात. २००७ साली योसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी एनएमडीए ग्राहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा असा आजार वर्णिला. वेळीच प्रतिकारशक्ती-नियंत्रक उपचार झाल्यास बहुतांश रुग्ण चांगले सुधारतात. ‘बाहेरची बाधा’ समजण्यात दवडलेले आठवडे येथे फार महाग पडतात.

तथापि उत्साहाला आवर हवा. आपली नेहमीची औषधे आकडी रोखतात. दाहाचे मूळ ती उपटत नाहीत. तसेच प्रत्येक अपस्मारात स्टिरॉइड देणे योग्य नव्हे. लहान अर्भकांतील वेस्ट सिंड्रोमसारख्या ठरावीक आजारांतच त्याचे स्थान आहे.

पालकांनी एवढे करावे: आकडीत मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. सुरू केलेले औषध डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नये. आणि आपण डॉक्टरांनी प्रत्येक आकडीमागे दाह दडला आहे काय, हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा. आकडी थांबली म्हणजे आजार संपला, असे नव्हे.