श्वानस्नान : किती आणि केव्हा?

घरात पाळलेला कुत्रा आता केवळ राखणदार राहिलेला नाही. शहरांतील सदनिकांमध्ये तो दिवाणखान्यात वावरतो, मुलांच्या अंथरुणावर झोपतो आणि कुटुंबातील एक सदस्य म्हणूनच वाढतो. साहजिकच घरातील स्वच्छतेचे नियम त्यालाही लागू होतात. घरातील माणसे नित्य स्नान करीत असताना कुत्र्याला महिनाभर आंघोळीवाचून कसे ठेवावे, असे अनेकांना वाटते. या आपुलकीपोटी कित्येक घरांत दर रविवारी, क्वचित एक दिवसाआडही, श्वानस्नानाचा सोहळा पार पडतो. हे लाड कुत्र्याच्या हिताचे असतातच असे मात्र नाही.

त्वचेचे वेगळेपण

माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांखालील गाद्यांमध्ये असतात आणि शरीरातील उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून कमी करतो. त्यामुळे घाम धुऊन काढण्यासाठी रोज आंघोळ करण्याची गरज त्याला भासत नाही. त्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे अवघे ३ ते ५ थर असतात. माणसाच्या त्वचेत ते १० ते १५ असतात. या पातळ त्वचेचे रक्षण तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध द्रव करतो. वारंवार साबण लावल्याने हे आवरण धुऊन जाते, त्वचा कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते आणि खाजवून झालेल्या जखमांत जंतूंचा शिरकाव होतो. शिवाय माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची त्वचा त्या मानाने उदासीन असते. माणसांसाठी बनविलेला साबण वा शाम्पू, तो कितीही सौम्य असला तरी, कुत्र्यासाठी वापरू नये, तो याचसाठी.

किती दिवसांनी?

निरोगी, प्रौढ कुत्र्याला महिन्यातून एकदा ते तीन महिन्यांतून एकदा आंघोळ पुरते, असा सर्वसाधारण संकेत आहे. तथापि, जात, केस आणि हवामान यांनुसार त्यात फरक पडतो. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली होती. त्यांपैकी मुधोळ हाउंड हा दख्खनच्या उष्ण पठारावरील आखूड केसांचा, तर हिमालयन शीपडॉग हा थंड प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा. पहिल्याला एरवी ओल्या पंचाने पुसून घेतले तरी भागते. दुसऱ्याचे केस नियमित विंचरावे लागतात आणि आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडे करावे लागतात. ल्हासा ॲप्सोसारख्या लांब केसांच्या कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांनी, तर बॅसेट हाउंडसारख्या तेलकट त्वचेच्या कुत्र्याला त्याहून लवकर आंघोळ लागू शकते. कुत्रा चिखलात लोळून आला, तर अर्थातच वेळापत्रक पाहत बसू नये.

दुर्गंधी : मळ की आजार?

‘वास येऊ लागला की आंघोळ’ हा नियम सोयीचा वाटतो, पण तो फसवाही ठरू शकतो. आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांतच वास परत येत असेल, तर त्याचे मूळ मळात नसून आजारात असण्याची शक्यता अधिक असते. कानातील संसर्ग, किडलेले दात, गुदग्रंथींचा विकार, त्वचेच्या घड्यांत वाढलेली बुरशी किंवा थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सुगंधी शाम्पूने हा वास चार दिवस झाकला जातो आणि तेवढेच उपचार लांबतात. अशा वेळी आंघोळ वाढविण्याऐवजी पशुवैद्यकांना दाखवावे. त्वचाविकारावर ते औषधी शाम्पूने आठवड्यातून एकदा-दोनदाही आंघोळ सांगतात. ती मात्र चुकवू नये.

गोचिडांवरही केवळ आंघोळ हा उपाय नाही. त्यासाठी मानेवर टाकावयाचे फिप्रोनिलसारखे औषध लावले, तर त्याआधी व नंतर ४८ तास आंघोळ टाळावी. अन्यथा औषधाचा परिणाम घटतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होते. तिला प्रतिबंध करण्यासाठी लस उपलब्ध आहे. या दिवसांत फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे एवढे पुरेसे असते.

स्नानाची रीत

आंघोळीपूर्वी केस विंचरावेत, कारण ओले झाल्यावर गुंते अधिकच घट्ट होतात. पाणी कोमट असावे. कानांत कापसाचे बोळे ठेवावेत व नंतर ते आठवणीने काढावेत. शाम्पूचा अंश राहणार नाही इतके अंग धुवावे आणि लगेच टॉवेलने पुसावे. फिनाइल वा टी-ट्री तेल अंगाला लावू नये. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत भर दुपारची वेळ निवडावी. आठ आठवड्यांखालील पिलांना शरीराची उष्णता नीट राखता येत नसल्याने आंघोळ न घालता ओलसर कापडाने पुसावे.

रोज पाच-दहा मिनिटे केस विंचरल्याने मळ व गळलेले केस निघून जातात आणि त्वचेतील तेल सर्वांगावर पसरते. त्याच वेळी अंगावरून फिरणाऱ्या हाताला गोचीड, गाठ किंवा जखम वेळीच सापडते. ही सवय जडली, की आंघोळ केव्हा घालावी हे श्वानपालकाला आपोआपच उमगू लागते.