उंबरठ्यापलीकडे (भाग ७) : दिल्लीची जामा मशीद

गेल्या आठवड्यात आपण चांदणी चौकातल्या सीसगंज गुरुद्वारात होतो. तिथून जामा मशीद चालत जाण्याच्या अंतरावर. पण देवळात जायची सवय असलेला माणूस इथे आत शिरला की जरा गोंधळतोच.

देवळात पाय आपोआप गाभाऱ्याकडे वळतात. नंदी, कासव, सभामंडप, सगळं मूर्तीच्या रोखाने मांडलेलं असतं. इथे पायऱ्या चढून आलात की समोर पसरतं अफाट अंगण. मधोमध हौद, पलीकडे कमानींची रांग आणि तीन संगमरवरी घुमट. कमानीखालून आत जाऊन पाहावं, तर पश्चिमेच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा. ‘एवढंच?’ असं मनात येतं. पण तो मेहराब दर्शनासाठी नसतोच. तो मक्केची दिशा दाखवतो, आपल्या देशातून पश्चिमेची. शेजारी पायऱ्यांचं मिंबर, त्यावरून शुक्रवारी इमाम खुतबा, म्हणजे प्रवचन, देतात.

आता खाली पाहा. फरशीवर काळ्या पट्ट्यांनी एकेका माणसापुरत्या चौकटी आखल्या आहेत. पुढची जागा कुणासाठी राखीव नाही. येईल तो खांद्याला खांदा लावून रांगेत उभा राहतो. म्हणून इथे बघायचं ते अंगण. त्यात पंचवीस हजार माणसं मावतात, असं सांगतात.

हौदाकाठी थोडं थांबा. नमाजापूर्वीचा वुजू तिथे चाललेला असतो: चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. जेवायला बसण्याआधी हातपाय धुवायला लावणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे परकं वाटणार नाही.

शाहजहानने १६५० ते १६५६ या काळात भोजला टेकडीवर ही मशीद उभारली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि १८६२ साली परत केली. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो एप्रिल १९१९. रौलट कायद्याविरुद्ध दिल्ली पेटलेली असताना आर्यसमाजी संन्यासी स्वामी श्रद्धानंद याच मशिदीतून जमावापुढे बोलले. ‘आपल्याला आत घेतील का?’ हा प्रश्न मनात असेल, तर ही गोष्ट आठवावी.

घेतात. फक्त नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, आणि या वेळा सूर्यावर ठरत असल्याने ऋतूप्रमाणे बदलतात. शुक्रवारी दुपारी जाऊच नका. चपला काढाव्या लागतात, आणि उन्हाळ्यात तो लाल दगड असा तापतो की पायमोजे हवेतच. अंगभर कपडे घाला. तोकडे असले तर दारात झगा चढवतात. त्यापेक्षा घरची ओढणी बरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकट्या मुलींना मज्जाव करणारी पाटी इथे लागली होती. गदारोळ झाला, नायब राज्यपालांनी शब्द टाकला आणि ती मागे घेतली गेली. ते बरंच झालं.

घुमटांचे फोटो हवे तेवढे काढा, पण नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका आणि त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.

पुढच्या भागात निजामुद्दीन औलियांचा दर्गा. तिथे फुलं, चादर, कव्वाली सगळं आहे. रीत बरीच वेगळी, म्हणून त्याला स्वतंत्र लेख.